सावित्रीचा पूल आणि उरलेला हायवे

गणपतीला गावी जाताना महाडजवळ सावित्रीचा पूल आला की मी आजही हात जोडतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल किती दिवसांत उभा राहिला माहितीये? १६५! ५ जून २०१७ ला उद्घाटनसुद्धा झालं.

आता आपल्या मुंबई-गोवा हायवेचा पहिलाच टप्पा बघा. पनवेल ते इंदापूर (आपलं रायगडातलं), जेमतेम ८४ किलोमीटर. चौपदरीकरण सुरू झालं २०११ मध्ये. कधी जमीन ताब्यात नाही, कधी कर्नाळा अभयारण्याची परवानगी अडली, कधी ठेकेदाराचं काम रखडलं. कागदावर १७ नंबरचा ६६ झाला, खड्डे मात्र तेच.

एक पूल आणि ८४ किलोमीटर सारखे नाहीत, मान्य. पण सावित्रीवर सगळ्यांचं लक्ष होतं, म्हणून काम हललं. खड्ड्यात एकेकटं माणूस जातं, त्याची बातमी आतल्या पानावर.

आणि आपण चाकरमानी? गणपतीपुरते ओरडतो, विसर्जन झालं की गप्प. मंडळी, यंदा विसर्जनानंतरही विचारत राहायचं का?