३९ मिनिटं मागे

घड्याळजींच्या घराण्यात जन्मून मी आजवर कुठेही वेळेवर पोहोचलेलो नाही. गिरगावात आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; पुढे ते वडिलांनी चालवलं. मी मात्र मनगटावरच्या घड्याळाचा सेलही बाहेरून बदलून आणतो.

परवा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं भिंग सापडलं आणि सोबत साखळीचं एक खिशातलं घड्याळ. साखळीला चिठ्ठी: '३९ मिनिटे मागे. पुढे करू नये.'

म्हटलं, दुरुस्तीच्या दुकानात ही कसली ताकीद? मग उलगडा झाला. १ जानेवारी १९०६पासून सरकारने देशाला एकच प्रमाणवेळ लावून दिली. मुंबईने मात्र सूर्यावरून धरलेला आपला 'मुंबई टाइम' ३९ मिनिटं मागेच ठेवला. महापालिकेने तर कित्येक दशकं! रेल्वेची वेळ एक, शहराची दुसरी. गाडी चुकलेलं गिऱ्हाईक भांडायला घड्याळजीकडेच येत असणार.

मागचं झाकण उघडलं. आत सुईने कोरलेल्या बारीक तारखा. घड्याळ साफ केलं की कारागीर अशी खूण ठेवत. वरच्या तारखा आजोबांच्या हातच्या, खालच्या वडिलांच्या. त्याखाली जागा होती. कोरणारा हात घरात उरला नव्हता.

शेवटी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी ते साफ केलं, वडिलांच्या तारखेखाली आपली तारीख कोरली आणि विचारलं, "वेळ लावून देऊ?"

"द्या. पण ३९ मिनिटं मागे."

हल्ली उशीर झाला की मी निमूटपणे तेच घड्याळ काढून दाखवतो.