दुसरा गाल पुढे करायचा, म्हणजे गप्प बसायचं का? अन्यायाबद्दल ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते

‘एका गालावर मारलं तर दुसरा पुढे कर’ हे वाक्य अनेकांना गांधीजींचं वाटतं. 2006 च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मुळे तो समज आणखी पक्का झाला. मूळ शिकवण मात्र येशू ख्रिस्ताची, मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनातली.

मिरजेत ख्रिस्ती शेजार नवा नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून चर्चची घंटा शहराच्या ओळखीची आहे. पण शेजाऱ्यांच्या या शिकवणीचा नेमका अर्थ काय, हे आपण क्वचितच विचारतो.

आधी बायबलमध्येच पाहू. सूड घेऊ नका, तो देवावर सोपवा, असं पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो. पण अटकेनंतर महायाजकासमोर एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा येशूने दुसरा गाल पुढे केला नाही. उलट हातही उचलला नाही. ‘मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, नाहीतर मारलंस का?’ अशा अर्थाचा प्रश्न केला (योहान, अध्याय 18). पौलाचंही तसंच. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडायला तयार झाले, तर तो अडून बसला : आम्ही रोमी नागरिक आहोत, तुम्ही स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. म्हणजे सूड नाही, पण जाब विचारायचा.

मराठी मुलखात हे कसं दिसलं, याचं ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. धर्माची सक्ती करणार नाही, असं वचन होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाहेर पडलं आणि पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती, पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाच. तरी एका बाईवर सगळं शहर उलटलं होतं, हेही खरं.

रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही आणि सदनही बंद केलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं.

1897 मधला प्रसंग तर जास्त बोलका आहे. पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. समोर ख्रिस्ती सत्ताधारी होते आणि पत्र लिहिणारी बाईही ख्रिस्ती होती. धर्म एक म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत.

हा फरक आजही महत्त्वाचा आहे, कारण ‘क्षमा कर’ हा सल्ला बहुतेकदा दुबळ्यालाच मिळतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सगळ्याच धर्मांतले वडीलधारे ‘सहन कर’ म्हणतात, ख्रिस्ती घरंही अपवाद नाहीत. क्षमा म्हणजे मनातलं वैर सोडणं. मारणाऱ्याच्या घरात परत जाणं किंवा पोलिसांत तक्रार न करणं, असा तिचा अर्थ वरच्या प्रसंगांतून निघत नाही.

दलित ख्रिस्ती समाजाचा लढा याच वाटेवरचा. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. दर 10 ऑगस्टला देशभरातली अनेक चर्च काळा दिवस पाळतात, त्या दिवशी प्रार्थनाही होते आणि निदर्शनंही.