उसन्या प्रतिकारशक्तीचा इतिहास : अश्वापासून मानवापर्यंत

एका प्राण्याच्या रक्तातील प्रतिकारशक्ती दुसऱ्यास उसनी देता येते, हे इ. स. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी बर्लिन येथे सिद्ध केले. पुढे दीर्घकाळ या विद्येचे वाहन घोडा हेच राहिले. महाराष्ट्रातही तसेच घडले. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वशाळेतील घोडे रक्तद्रवासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात. त्या व्यवहारातूनच सायरस पूनावाला यांना स्वतंत्र उद्योगाची कल्पना सुचली व १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तिच्या नावातील ‘सीरम’ हा शब्द त्या अश्वयुगाची खूण होय.

परंतु अश्वरक्तद्रव मानवी शरीरास परकाच. त्याची बाधा क्वचित जिवावरही बेतते. मानवी रक्तातून मिळविलेले प्रतिपिंड तुलनेने निर्धोक, पण दुर्मिळ व महाग. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच पेशीकुळापासून एकजिनसी प्रतिपिंड मिळविले, तथापि ते उंदराचे होते. पुढे मानवी जनुके उंदरात घालून त्याच्याकडूनच मानवी प्रतिपिंड घडविण्यात आले. कर्करोगावरील काही औषधे या मार्गाने आली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मॅसबायोलॉजिक्स या संस्थेच्या सहकार्याने सीरम इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेले अलर्क रोगावरील प्रतिपिंडही याच मार्गाचे. त्यास भारतात २०१६ साली मान्यता मिळाली.

अलर्क रोगाची लक्षणे प्रकटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लसीने शरीर स्वतःचे प्रतिपिंड निर्माण करते, पण त्यास आठवड्याहून अधिक काळ लागतो. तेवढ्या अवधीत जखमेत टोचलेले तयार प्रतिपिंडच विषाणूस थोपवितात. शरीराच्या प्रत्येक किलो वजनास घोड्याच्या प्रतिपिंडाचे ४०, मानवी रक्तातील प्रतिपिंडाचे २०, तर या नव्या प्रतिपिंडाचे ३.३३ आंतरराष्ट्रीय एकक पुरतात.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या इतिहासाची खरी कसोटी आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत ही कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात पोहोचावी लागते. शिवाय व्यवहारातील मराठीत लस काय नि प्रतिपिंड काय, दोन्ही ‘इंजेक्शन’च. पैकी एक शरीरास शिकविते, दुसरे तोवर त्याच्या वतीने लढते. हा भेद भिली वा पावरी बोलणाऱ्या रुग्णास त्याच्या भाषेत उमगला नाही, तर एक सुई घेऊन तो घरी परतण्याचा संभव राहतो. प्रयोगशाळेत मानवी झालेले औषध मानवापर्यंत नेण्याचे उरलेले कार्य रस्त्यांचे, शीतपेट्यांचे आणि भाषेचेही आहे.