सेवाग्राम आश्रम व ग्रामजीवन

सेवाग्राम आश्रम : महात्मा गांधींच्या विधायक कार्याचे एक प्रमुख केंद्र. वर्धा शहरापासून सु. ८ किमी. अंतरावर सेवाग्राम (पूर्वीचे सेगाव) या गावालगत हा आश्रम आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी येथे राहावयास आले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजी येथून गेले, ते पुन्हा परतले नाहीत. राष्ट्रीय चळवळीचे एक ठिकाण म्हणून सेवाग्राम सर्वपरिचित आहे. तथापि ज्या गावाच्या कुशीत आश्रम उभा राहिला, त्या गावाच्या दैनंदिन जीवनात त्याचे स्थान काय होते, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

वऱ्हाड-नागपूर भागातील खेड्यांत लोकांनी एकत्र येण्याची पारंपरिक स्थाने म्हणजे चावडी, पार, देऊळ आणि पाणवठा. गावाचे तंटे, सण, भजन व बातम्या यांची देवाणघेवाण तेथे होई. मात्र ही स्थाने साऱ्या गावाची नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींना देवळात व सार्वजनिक विहिरीवर मज्जाव असे, चावडीवर त्यांना दूर बसावे लागे आणि स्त्रियांचा वावरही तेथे मर्यादित असे. सर्वांना समान नात्याने एकत्र बसता येईल असे स्थान खेड्यात जवळजवळ नव्हतेच.

पाश्चात्त्य देशांत औद्योगिक शहरांतील गरीब वस्त्यांमध्ये अशा स्थानाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) व शिकागो येथील जेन ॲडम्स यांचे हल हाउस (१८८९) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. सुशिक्षितांनी वस्तीतच राहून शेजाऱ्यांच्या जीवनाशी समरस व्हावे, हे त्यांचे सूत्र होते. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असता गांधीजी मोठ्या हॉटेलात न उतरता पूर्व लंडनमधील कामगारवस्तीतील किंग्झ्ली हॉल या मुरिएल लेस्टर यांच्या समाजकेंद्रात राहिले होते. भारतात रवींद्रनाथ टागोरांनी १९२२ मध्ये श्रीनिकेतन येथे ग्रामपुनर्रचनेचे कार्य आरंभिले होते. सेवाग्रामचा प्रयोग या परंपरेला जवळचा असला, तरी त्याची घडण वेगळी आहे.

स्थापना : जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजींचे कार्यक्षेत्र वर्ध्याकडे वळले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन त्याचे कार्यालय वर्ध्यात मगनवाडी येथे सुरू झाले. तथापि शहरात राहून खेड्यांना उपदेश करणे गांधीजींना अपुरे वाटू लागले. मीराबेन यांनी आधी सिंदी येथे व नंतर सेगावात वस्ती केली होती. त्यांच्या पाठोपाठ गांधीजी सेगावला आले. गावाच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा बजाज यांच्याकडे होता. आश्रमाची जमीनही त्यांच्याकडूनच मिळाली.

वास्तविक गांधीजींना येथे आश्रम काढावयाचाच नव्हता. सहकाऱ्यांचा परिवार बरोबर न घेता एका सामान्य ग्रामस्थाप्रमाणे राहण्याचा त्यांचा मानस होता. परंतु कार्यकर्ते, आजारी माणसे व अभ्यागत येत गेले आणि आदिनिवास या पहिल्या झोपडीभोवती वस्ती वाढत गेली. माती, बांबू, लाकूड व कवेलू असे स्थानिक साहित्य आणि स्थानिक कारागीर यांच्याद्वारे घरे बांधावीत, असा दंडक होता. बापूकुटी, बा-कुटी, महादेव-कुटी, आखरी निवास इ. वास्तू त्यातूनच निर्माण झाल्या. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसादृश्य असल्याने टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये सेगावचे ‘सेवाग्राम’ असे नामांतर झाले.

ग्रामजीवनातील कार्य : आश्रमाचे सर्वांत मोकळे स्थान म्हणजे प्रार्थनाभूमी. तिला भिंती नाहीत व छप्परही नाही. पहाटे व सायंकाळी तेथे होणाऱ्या सर्वधर्मप्रार्थनेस कोणीही, कोणत्याही जातीचा असो, येऊन बसू शके. ज्या गावात देऊळ व विहीर जातीनिहाय विभागलेली होती, तेथे या साध्या गोष्टीचे सामाजिक मूल्य मोठे होते. आश्रमाच्या स्वयंपाकघरात हरिजन साहाय्यक घेण्यात आला व सर्वांची पंगत एकच ठेवण्यात आली. कुष्ठरोगाने पीडित असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना आश्रमात आश्रय देऊन गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. पुढे वधूवरांपैकी एक हरिजन असल्याखेरीज आश्रमात विवाह लावावयाचा नाही, असाही संकेत त्यांनी ठरविला. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून सु. महिनाभर येथे राहिले होते. त्यांच्या भजनांनी व सामुदायिक प्रार्थनेने पुढे विदर्भातील असंख्य खेड्यांत लोकांना एकत्र आणले.

आरोग्य व स्वच्छता हे दुसरे क्षेत्र. पावसाळ्यात सेगावचा रस्ता चिखलाने दुर्गम होई आणि हिवतापाचा उपद्रव असे. १९३६ मध्ये खुद्द गांधीजींना हिवताप झाल्याने वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले होते. आश्रमीयांनी गावसफाई, खताचे खड्डे व चराचे संडास यांचा प्रसार हाती घेतला. डॉ. सुशीला नायर यांनी चालविलेल्या छोट्या दवाखान्यातून कस्तुरबांच्या निधनानंतर (२२ फेब्रुवारी १९४४) कस्तुरबा रुग्णालय विकसित झाले. स्त्रिया व मुले यांच्यासाठी १५ खाटांनी त्याचा प्रारंभ झाला. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यास जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली.

शिक्षणाच्या क्षेत्रात वर्धा येथील ऑक्टोबर १९३७ च्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे ती प्रत्यक्षात आणली. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् हे या कार्याचे सूत्रधार होते. कताई, शेती, स्वयंपाक व सफाई यांतून शिक्षण देणारी ही शाळा मुलांपुरती मर्यादित राहिली नाही. १९४५ च्या परिषदेनंतर पूर्वबुनियादी वर्गापासून प्रौढशिक्षणापर्यंत तिची व्याप्ती वाढली. शांताबाई नारूलकर यांनी प्रौढशिक्षणाचे कार्य गावात केले. चित्रकार देवी प्रसाद यांनी मुलांच्या कलाशिक्षणास वेगळे वळण दिले.

मूल्यमापन : एवढे कार्य होऊनही गावाने आश्रम कितपत आपला मानला, याचे उत्तर सरळ नाही. प्रारंभीच गांधीजींनी गावकऱ्यांना स्पष्ट सांगितले होते, की अस्पृश्यतानिवारणाचा आपला आग्रह असला, तरी तो कोणावर लादला जाणार नाही. सवर्ण ग्रामस्थांनी त्यांना आदराने वागविले. पण रोटी-बेटी व पाणवठा यांबाबतचे आपले आचार सहजासहजी सोडले नाहीत. शिवाय गावाचा मालगुजार हाच आश्रमाचा आश्रयदाता असल्याने ग्रामस्थांच्या संमतीत मनापासूनची स्वीकृती किती व मालकाचा मान किती, हे वेगळे करणे अवघड होते. (मालगुजारी पद्धती १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने संपुष्टात आली.) आश्रमीय बहुतेक बाहेरून आलेले, भिन्नभाषी व व्रतस्थ होते. देशभरच्या नेत्यांच्या वर्दळीमुळे सेवाग्राम राष्ट्राचे केंद्र बनले. परंतु त्यामुळेच त्याचे गावाचे केंद्र असणे काहीसे झाकोळले.

मार्च १९४८ मध्ये येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या परिषदेतून सर्वोदय समाजाची कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सरकारने समूहविकास कार्यक्रम सुरू केला, तेव्हा खेड्यात राहून काम करणारा ग्रामसेवक ही कल्पना देशभर गेली. मात्र लोकांच्या शेजारी राहणारा सेवक आणि वरून नेमलेला कर्मचारी यांतील अंतर त्या कार्यक्रमात कायमच राहिले. याउलट कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातील खेड्यांत राबविलेली ज्वारी-विमा योजना उल्लेखनीय आहे. तीत सुगीनंतर प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी व त्या सामाईक निधीतून गावाची आरोग्यसेवा चालावी, अशी व्यवस्था होती. येथे ग्रामस्थ हा केवळ लाभार्थी न राहता भागीदार झाला.

तालीमी संघाची मूळ शाळा बंद पडल्यानंतर २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली. आश्रमाची व्यवस्था सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान पाहते. रुग्णालय व महाविद्यालय यांमुळे आज गावाचे स्वरूप पालटले आहे आणि ग्रामस्थांपेक्षा पर्यटकांचीच वर्दळ कुट्यांभोवती अधिक दिसते. तरीही प्रार्थनाभूमीवरील दोन वेळची प्रार्थना अखंड चालू आहे. संस्था गावात असणे आणि ती गावाची असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली दानातून साधते, दुसरीसाठी ग्रामस्थांचा स्वतःचा वाटा लागतो, हे सेवाग्रामच्या इतिहासावरून स्पष्ट होते.