तबकडीमागचा आवाज : अमीन सयानी आणि वऱ्हाडचा श्रोता



ज्या माणसाचा चेहरा फारसा कोणी पाहिला नाही, पण ज्याचा आवाज घरोघर ओळखीचा होता, अशा माणसाची नोंद इतिहासकार सहसा घेत नाहीत. अमीन सयानी हे असे एक गृहस्थ होत. ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून मधूनमधून चार शब्द बोलणारा निवेदक म्हणून त्यांनी आरंभ केला आणि व्यापारी नभोवाणीच्या साऱ्या धंद्याचे अग्रणी म्हणून त्यांची अखेर झाली. ते पडले मुंबईकर. तेव्हा अमरावती-अकोल्याने त्यांचे चरित्र का आठवावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एवढेच की, लोकांनी काय ऐकावे हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाशी ते चरित्र निगडित आहे. आणि त्या प्रश्नात राजधानीहून आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावांचा संबंध अधिक निकटचा आहे.

सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढ साक्षरतेच्या कार्यकर्त्या. महात्मा गांधींच्या सूचनेवरून त्यांनी १९४० साली ‘रहबर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे आणि त्याची भाषा सामान्य माणसास समजेल अशी साधी हिंदुस्थानी असे. घरात इंग्रजी व गुजरातीचा वावर असलेल्या या मुलाला सोपे लिहिण्याचे आणि सोपे बोलण्याचे वळण या नियतकालिकाच्या कामात लागले. पुढे जी शैली त्यांची म्हणून गाजली, तिचा उगम येथे आहे. थोरले बंधू हमीद सयानी हे इंग्रजी निवेदक होते. त्यांचे बोट धरून अमीन लहानपणीच नभोवाणीच्या दालनात शिरले. मात्र हिंदी निवेदक होण्यासाठी आकाशवाणीवर त्यांनी परीक्षा दिली, तेव्हा उच्चारांवर इंग्रजी-गुजरातीची छाया आहे म्हणून त्यांना नकार मिळाला. ‘ओव्हलटिन फुलवारी’ या कार्यक्रमातून त्यांना पहिली संधी लाभली, आणि तिचा मोबदला म्हणजे दर आठवड्यास ओव्हलटिनचा एक डबा!

आता त्या काळच्या परिस्थितीकडे वळू. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर मूळचे पुण्याचे; विद्वान, आणि अभिजात संगीताचे खरे भक्त. राजाश्रय संपल्यावर गवयांना आश्रय द्यावयाचा तो नभोवाणीनेच, ही त्यांची धारणा होती, आणि संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमासारखी मोलाची कामे त्यांच्या कारकीर्दीत झाली. परंतु याच काळात चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले. मंत्र्यांचा हेतू लोकांची अभिरुची उंचावण्याचा होता. पण लोकांनी अभिरुची उंचावण्याऐवजी यंत्राचा काटा फिरविला. तो जेथे थांबला ते ठिकाण म्हणजे कोलंबो.

सिंहलद्वीपात महायुद्धाच्या काळी मित्रसैन्यासाठी उभारलेले बलवान लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर तेथील सरकारच्या हाती आले होते. रेडिओ सिलोनने १९५० मध्ये व्यापारी विभाग काढला. एका टूथपेस्टच्या कंपनीच्या खर्चाने ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. जुने, अनुभवी निवेदक थोड्या पैशांत इतके काम करण्यास राजी होईनात. म्हणून आठवड्याचे पंचवीस रुपये घेऊन लिहिणे, बोलणे व आलेली पत्रे तपासणे ही तिन्ही कामे विशीतल्या अमीनकडे आली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रे आली. पुढे ती आठवड्यास पासष्ट हजारांपर्यंत गेली. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धेचे रूप टाकून गीतांची क्रमवारी लावण्याची पद्धत आली. दर बुधवारी रात्री ती क्रमवारी जाहीर होऊ लागली.

आपल्या वऱ्हाडात हा कार्यक्रम का रुजला? मध्यम लहरींचा पल्ला दिवसा बेताचाच असतो. लघुलहरी मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परावृत्त होऊन शेकडो कोस जातात. नागपूरचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले होते, पण हलकीफुलकी गाणी ऐकावयाची तर कोलंबोच गाठावे लागे. या अवधीत वऱ्हाडचा प्रांत किती वेळा बदलला पाहा : आधी मध्यप्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. राजधान्या बदलल्या, बुधवारची रात्र बदलली नाही. पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर तर दिवाणखान्यातली नभोवाणी पानठेल्यावर आणि कापसाच्या शेतावर जाऊन पोचली.

या क्रमवारीत एक मर्म होते. केवळ तबकड्यांच्या विक्रीवर गीताचा क्रम लावला असता, तर मोठ्या शहरांतील मोठ्या दुकानांचाच शब्द अखेरचा ठरला असता; शिवाय दुकानातील माल संपला की गीताची लोकप्रियताही संपल्यासारखी दिसली असती. म्हणून सयानी यांनी ठिकठिकाणच्या श्रोतृसंघांचे मतही हिशेबात धरले. ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही, तबकडी विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या पोस्टकार्डालाही त्यामुळे वजन आले. जिल्ह्याच्या गावातील श्रोता आजवर केवळ कान होता. त्याला येथे मत मिळाले. ‘बहनो और भाइयो’ हे त्यांचे संबोधन लोकांना गोड लागले, ते केवळ आवाजामुळे नव्हे. बोलणारा आपली मोजदाद करीत आहे, हा विश्वास त्यामागे होता.

सरकारनेही यापासून धडा घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातींस आरंभ झाला. येथून सयानी यांच्या कारकीर्दीचा दुसरा भाग सुरू होतो. मधल्या काळात टाटांच्या तेल कारखान्यात त्यांनी मालविक्रीचे शास्त्र जवळून पाहिले होते. आता ते स्वतःच कार्यक्रमांचे निर्माते झाले, ‘एस. कुमार का फिल्मी मुकदमा’सारखे प्रायोजित कार्यक्रम, जाहिरातींच्या छोट्या फिती, परदेशातील केंद्रांसाठी मालिका असा त्यांचा व्याप वाढला. चौपन्न हजार कार्यक्रम आणि एकोणीस हजार जाहिराती ही संख्या त्यांच्या नावावर सांगितली जाते. गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली व १९९४ पर्यंत चालली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते निवर्तले.

या कथेस दुसरी बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. केसकरांची भीती अगदीच निराधार नव्हती. व्यापाऱ्याच्या पैशावर चालणारी नभोवाणी खपणाऱ्या वस्तूमागे धावते, आणि जे आज पहिल्या क्रमांकावर नाही ते उद्या ऐकूच येईनासे होते. नभोलहरी ही लोकांची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला; त्यानंतर खाजगी केंद्रांचा मार्ग मोकळा झाला आणि २००१ पासून ती शहरोशहरी निघू लागली. परंतु मालमत्ता लोकांची म्हटल्याने निवड लोकांची होत नाही. दूर बसून एकच गाण्यांची यादी सर्व गावांस वाटली, तर मंत्र्याच्या जागी व्यवस्थापक आला, एवढाच फरक.

सयानी मंत्र्याचे नव्हते, आणि व्यापाऱ्याचे मीठ खाऊनही सर्वस्वी त्याचे झाले नाहीत; कारण श्रोत्यांची पत्रे तपासण्याचे काम त्यांनी आरंभापासून स्वतः केले होते. नभोवाणीच्या धंद्यात पुढारी होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने त्यांच्या आवाजाची नक्कल खुशाल करावी. पण त्याआधी अकोल्याहून वा अमरावतीहून आलेले एक पोस्टकार्ड नीट वाचावयास शिकावे.