मूल लहान, पदवी लहान

आपल्या शिक्षणव्यवस्थेत एक नियम कुठल्याही पुस्तकात सलग लिहिलेला नाही, पण सगळीकडे पाळला जातो: मूल जितके लहान, तितकी त्याला शिकवणाऱ्याची पात्रता कमी. अकरावी-बारावीच्या वर्गावर जायचे तर पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हवे. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे ज्याला सगळे अजून डी.एड. म्हणतात ते डी.एल.एड., आणि वर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा. अंगणवाडी सेविकेला अलीकडेपर्यंत दहावी पुरत होती, आता बारावी लागते. मीरा रोडला एखाद्या सोसायटीच्या तळमजल्यावर प्लेग्रुप चालतो, तिथे शिकवायला काय लागते? शिक्षणहक्क कायद्याला विचाराल तर काहीच नाही. त्यातली शिक्षकपात्रतेची अट पहिलीपासून सुरू होते.

बालविकास आणि प्राथमिक शिक्षण हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे का, या प्रश्नाचे उत्तर या उतरंडीने आधीच देऊन ठेवले आहे. ते चुकीचे का आहे, हे पाहायचे तर विषयाची दोन अंगे वेगळी करून पाहावी लागतात. मूल कसे वाढते, बोलते, विचार करते हे जाणणे हे एक अंग. त्या मुलाला वाचायला, मोजायला, चारचौघांत वागायला शिकवणे हे दुसरे. महाराष्ट्रात ही दोन अंगे दोन घरांत नांदली. बालविकास गृहविज्ञानाच्या घरी गेला. महर्षी कर्व्यांनी 1916 साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे आजच्या एसएनडीटीचा, जुहूचा परिसर आणि न्यू मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन ही त्याची मुंबईतली ठिकाणे. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात तर गृहविज्ञान विद्याशाखेने ‘चेतन बालवाडी’ ही स्वतःची प्रयोगशाळाच चालवली. प्राथमिक शिक्षकाची तयारी मात्र विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर, अध्यापक विद्यालयांत राहिली.

परिणाम विचित्र आहे. गृहविज्ञानातल्या मानव विकास विषयात पदवी घेतलेल्या, मुलांचे निरीक्षण करून नोंदी लिहिलेल्या मुलीला तेवढ्या पदवीवर पहिलीचा वर्ग मिळत नाही. डी.एड. झालेल्याला वर्ग मिळतो, पण त्याची आणि मानसशास्त्रज्ञ पियाजेची भेट झालेली असते ती परीक्षेपुरती, बौद्धिक विकासाच्या चार अवस्थांची नावे क्रमाने लिहिण्यापुरती. (गृहविज्ञान म्हणजे शिवण आणि स्वयंपाक, हा समज अजून गेलेला नाही. मुलीने तो विषय घेतला की घरचे ‘चांगलं आहे, पुढे उपयोगी पडेल’ म्हणतात, तेव्हा नोकरीत उपयोगी पडेल असे त्यांना म्हणायचे नसते.)

या फाटाफुटीमागे एक गृहीत आहे. विद्यापीठाने ज्ञान मोजले ते विषयाच्या आशयावर. बारावीचे कलनशास्त्र थोड्यांना येते, म्हणून त्याला मान. पहिलीतला ‘सात’ सगळ्यांना येतो, म्हणून तो शिकवायला अभ्यास कशाला? सात आपल्याला येतो हे खरेच आहे, पण तो मुलाला कसा येतो हे आपण विसरून गेलेले असतो.

याची साधी परीक्षा घेता येते. साडेचार-पाच वर्षांच्या मुलासमोर सात चिंचोक्यांची एक ओळ मांडायची आणि तिच्यासमोर तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या सातांची. ‘दोन्हीकडे सारखे आहेत का?’ मूल हो म्हणते. मग त्याच्या देखत खालच्या ओळीतले चिंचोके लांब लांब सरकवायचे आणि पुन्हा विचारायचे. आता बरीच मुले ठामपणे लांब ओळीकडे बोट दाखवतात: इथे जास्त. ही मुले सातपर्यंत अंक घडाघडा म्हणतात, बोट ठेवून मोजतातही. ज्याँ पियाजेने यावरून म्हटले की मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, ही समज या वयात अजून बसलेली नसते. पाठ म्हणणे आणि संख्या कळणे यांत केवढे अंतर आहे हे ज्याने असे डोळ्यांनी पाहिले, तो शिक्षक बालवाडीत शंभरपर्यंत अंक घोकून घेणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि विद्यापीठाची गरज खरी इथून पुढे लागते. 1970 च्या दशकात स्कॉटलंडमध्ये हाच प्रयोग जरा बदलून झाला. ओळ मोठ्या माणसाने न हलवता एका खट्याळ टेडी अस्वलाने येऊन विस्कटली. लगेच बरीच जास्त मुले बरोबर उत्तर देऊ लागली. मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात याचा अर्थ लावला: मोठे माणूस मुद्दाम काही हलवते आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारते, तेव्हा मुलाला वाटते की आता उत्तर बदलायला हवे. म्हणजे मूल चिंचोके वाचत होते तसे विचारणाऱ्याचे मनही वाचत होते. पियाजे खोटा ठरला असे नाही; प्रश्न कोण, कसा आणि कशासाठी विचारतो, हा प्रयोगाचाच भाग आहे हे कळले. ‘पियाजेच्या अवस्था लिहा’ या सहा गुणांच्या प्रश्नात हे मावत नाही.

भाईंदरजवळच्या उत्तनच्या कोळीवस्तीकडे पाहिले की याची दुसरी बाजू दिसते. बाजारात आईशेजारी बसून बोंबलांचे वाटे लावणारे, गिऱ्हाइकाला सुटे परत देणारे मूल शाळेत हातच्याच्या वजाबाकीत अडते, तेव्हा शिक्षक सहज म्हणतो, ‘गणितात कच्चं आहे.’ ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या, 1985 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचे हेच तपासले गेले. धंद्यातल्या हिशोबात त्यांची 98 टक्के उत्तरे बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या उदाहरणांच्या रूपात दिली, तेव्हा 37 टक्के. मुले पाचच होती, हे विसरू नये. पण 2025 साली दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांतल्या कितीतरी अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासातही चित्र तेच निघाले, आणि उलटी बाजूही दिसली: शाळेत जाणारी मुले बाजारातल्या तोंडी हिशोबात अडखळत होती. मुलाकडे असलेले गणित आणि शाळेला हवे असलेले गणित यांच्यात पूल बांधणे हे काम आहे, आणि ते अवघड काम आहे. पाचवीपर्यंतचे गणित ‘येणे’ त्याला पुरत नाही.

आपल्याकडे हे ज्ञान विद्यापीठात जन्मले नाही, हेही सांगितले पाहिजे. भाईंदरहून पश्चिम रेल्वे धरून वर गेले की घोलवड लागते, आणि घोलवडजवळ बोर्डी. तिथे बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक 1914 च्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून, दादरला शिशुविहार उभारून त्या 1945 साली बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. गावातली बालवाडी नीट चालू होती, पण वस्तीवरची मुले तिथे पोचत नव्हती. तेव्हा बालवाडीच उठून त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच ठिकाणी आली, आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेले. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने बनली. माँटेसोरीचे तत्त्व ठेवून सामान बदलायचे, तर तत्त्व कोणते आणि सामान कोणते हे आधी कळावे लागते. बोर्डी-कोसबाडला झाले ते माझ्या मते संशोधनच होते. विद्यापीठाच्या भाषेत ते लिहिले गेले नाही इतकेच. डहाणू तालुक्यातले ग्राममंगल आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट ही संस्था यांनी तो धागा पुढे नेला. केंद्राने 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. अंगणवाडीत रोज काय घडायचे, याचा विचार मात्र त्याच वेगाने गेला नाही. पोषण आहार आणि रजिस्टरे यांखाली तो दबला.

कायद्याने हा प्रश्न अलीकडे ऐरणीवर आणला. 2018 साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले. राजस्थानातून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 11 ऑगस्ट 2023 रोजी न्यायालयाने सांगितले की बी.एड. ही प्राथमिक वर्गांची पात्रता नाही. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे आहे आणि त्याचे प्रशिक्षण वेगळे असते. ‘मोठी’ पदवी घेतलेल्यांना हा निकाल अन्यायाचा वाटला. मला तो या विषयाला मिळालेला पहिला मोठा मान वाटतो.

अपुरी राहिली ती दुसरी बाजू. वेगळे प्रशिक्षण हवे, पण ते पदविकेपुरतेच का? दिल्ली विद्यापीठाने 1994 साली बी.एल.एड. हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुलांचे निरीक्षण हे स्वतंत्र प्रात्यक्षिक आहे आणि शेवटच्या वर्षी शाळेत दीर्घ काळ प्रत्यक्ष शिकवावे लागते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र बांधला, आणि नव्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड. मध्ये त्या स्तराचे स्वतंत्र विशेषीकरण ठेवले. कागदावर तरी ती दोन घरे एक झाली.

अशा पदवीत काय असावे, हे मीरा-भाईंदरसारख्या गावाकडे पाहून ठरवावे. ‘गाव’ म्हणतो खरे. 1985 ला नगरपरिषद, 2002 ला महापालिका आणि 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकवस्ती. उत्तन-चौकचे कोळी, राई-मुर्धा-मोर्व्याचे आगरी, काशिमिरा-चेण्याकडचे आदिवासी पाडे, भाईंदर पश्चिमेचे गुजराती-मारवाडी, नया नगरची उर्दू, आणि उत्तरेकडून आलेल्या कामगारांची भोजपुरी-अवधी. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, गुजराती आणि उर्दू अशा माध्यमांच्या. पण माध्यम आणि घरची भाषा एकच असते हा गैरसमज आहे. मराठी शाळेतल्या आगरी मुलाला पुस्तकातली मराठी थोडी परकीच असते. हिंदी शाळेतल्या भोजपुरी मुलाला पुस्तकी हिंदीही तशीच. इंग्रजी ज्युनिअर केजीत बसलेल्या मुलाला तर बाईंचे पहिले वाक्यही कळत नाही. ते गप्प बसते आणि नोंद होते: ‘लाजाळू’. मुलाला शब्द कळला नाही की कल्पना कळली नाही, हे ओळखता येणे हे या शहरातल्या बालशिक्षिकेचे पहिले कौशल्य. त्यासाठी भाषाविज्ञान थोडे, मानसशास्त्र थोडे आणि मुलाशेजारी खाली बसून ऐकणे पुष्कळ लागते. बडोद्याला विद्यापीठाशेजारी बालवाडी आहे; इथल्या पदवीला ती उत्तनला एक, नया नगरला एक आणि काशिमिऱ्याला एक अशी लागेल.

तीन ते आठ हा सलग स्तर धोरणाने मानला, पण खाती दोनच राहिली. तीन ते सहाची अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, पहिली-दुसरी शालेय शिक्षण खात्याकडे. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्या करत असलेले पूर्वप्राथमिक शिक्षणाचे कामही न्यायालयाने तेव्हा जमेस धरले. तरी पद मानसेवीच राहिले. पायाभूत स्तराची चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी उद्या भाईंदरच्या अंगणवाडीत गेली तर तिला मानधन मिळेल. तीच पालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर लागली तर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढल्यावर वेतनश्रेणी मिळेल. पदवी एक, वयोगटाचे नावही एक.