रोगाचे नाव

आमच्या वडपे गावात काविळीचे, हिवतापाचे, क्षयाचेसुद्धा नाव लोक उघडपणे घेतात. एका रोगाचे तेवढे घेत नाहीत. त्याला ‘तो आजार’ म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. माझ्या आत्याला तो झाला, तेव्हा घरातल्या आम्हा सहाजणांना ते ठाऊक होते. जिला झाला होता, ती एकटी अंधारात होती.

आत्या लहानपणापासून मशेरी लावी. गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा आला आणि पुढे त्याची जखम झाली. एका डॉक्टरांनी चार महिने नुसते मलम दिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी झाडपाला सुचविला. जो तो काही ना काही सांगत होता. खरे काय ते कोणी सांगत नव्हते. त्या चार महिन्यांचा सल माझ्या मनातून गेला नाही. डॉक्टरी विद्येशी संबंध नसलेला मी शाळामास्तर या रोगाच्या इतिहासाकडे वळलो तो त्यामुळे.

रोग नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ या नावाने गाठींचे वर्णन आहे. ग्रीक वैद्यांनी त्याला खेकड्याचे नाव दिले. आपल्या ‘कर्करोगा’तला कर्क तो हाच. म्हणजे नाव देण्यात माणूस कधी मागे राहिला नाही. उणीव होती ती उपचाराच्या जागेची.

ती जागा मुंबईत एका घरच्या दुःखातून उभी राहिली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वेल्समध्ये वारल्या. पुरते एक वर्षही झाले नाही, तोच १९३२ च्या जूनमध्ये दोराबजीही गेले. परंतु जाण्यापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्तनिधीच्या स्वाधीन केली होती. त्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. आरंभी खाटा होत्या ८०. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. अणुशक्तीचा आणि रोग्याचा संबंध काय, असे एखाद्याला वाटेल. पण गाठीवर सोडावयाचे किरण त्याच विद्येच्या कक्षेतले. आमच्याकडे त्यांना ‘शेक’ म्हणतात.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा प्रथमपासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला, आणि त्याचा तंबाखू खाण्याशी असलेला संबंध दाखवून दिला. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावरचा त्यांचा निबंध १९४४ साली छापून आला. आत्याचा जन्म त्यानंतरचा. तिने मशेरीची डबी प्रथम हातात घेतली, तेव्हा ती गोष्ट कागदावर येऊन कित्येक वर्षे लोटली होती. परळ ते वडपे हे अंतर एका दिवसात जाऊन परत येण्याचे. ते ओलांडावयास त्या ज्ञानाला मात्र उभा जन्म पुरला नाही.

हे अंतर तोडण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी काढली. १९६३ पासून मुंबईतील कर्करोग्यांची रीतसर नोंद होऊ लागली. पण खेड्याचे काय? याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले. १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यात रोग्यांचे कागद कोठले? तेव्हा बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव हिंडू लागले. रोगी शोधता शोधता ते माणसांना बसवून रोगाची लक्षणे समजावून सांगू लागले. काही वर्षांनी असे दिसले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत इस्पितळात येत आहेत. नवे औषध निघाले नव्हते. कोणीतरी दारात येऊन रोगाचे नाव घेतले होते, इतकेच.

आमच्या आत्याला ते नाव कळले दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. परळला उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रोग्यांना तेथे आसरा मिळतो. विदर्भातून आलेल्या एका बाईने तिला सहज विचारले, “तुमचा कॅन्सर गालाचा का?” आत्या त्या रात्री जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, “दुखणं माझं, आन् मलाच ठाऊक नाय?” मला उत्तर सुचले नाही.

त्या दिवसापासून ती बदलली. खचेल असे आम्हांला वाटले होते, ती सावध झाली. शेकाने तोंड सोलवटल्यावर काय गिळावे, शस्त्रक्रियेनंतर जबडा आखडू नये म्हणून तोंड कसे उघडत राहावे, हे तिला आधी तेथल्या बायांनी सांगितले. तेथे खोटेही फिरत असे. कोणी रामबाण चूर्ण सांगे, कोणी अंगारा. आत्याने मला एक वही आणावयास लावली. ऐकलेली प्रत्येक गोष्ट तीत लिहावयाची आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारून तिच्यापुढे खूण किंवा फुली मारावयाची. अक्षरे न शिकलेल्या बाईने पारख करण्याची ही रीत काढली होती.

त्यानंतर आत्या सहा वर्षे जगली. ओटीवर बसून ती आळीतल्या बायांना म्हणे, “आ कर बघू.” तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर मलम लावीत बसू नका, मोठ्या इस्पितळात दाखवा, हे तिचे नेहमीचे सांगणे. तिने पाठविलेल्या दोघीजणी वेळेवर परळला पोचल्या. त्या आजही वडप्यात आहेत.

ती वही माझ्या टेबलावर आहे. खुणांपेक्षा फुल्या अधिक आहेत. आम्ही घरच्यांनी सहा तोंडांनी जे लपविले, ते तिला पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर वही आणखी आधी सुरू झाली असती.